बक्षीस नको, हक्क हवा : छावणीच्या शाळेपासून शिष्यवृत्तीपर्यंत

"पोरगा मिलिट्रीत गेला की घरच्यांच्या शिक्षणाची चिंता मिटली." इतवारीत, पाचपावलीत, कामठीत हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आज पहाटे मैदानावर धावणारी आपली पोरंही याच भरवशावर धावतात. हा भरवसा कुठून आला आणि तो किती खरा आहे, हे इतिहासालाच विचारलं पाहिजे.

भरवसा हवेतून आलेला नाही. गावची शाळा आपल्याला बंद होती, तेव्हा छावणीची शाळा उघडी होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं, असं खुद्द बाबासाहेबांनी नोंदवून ठेवलं आहे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातच शिकले आणि १४ वर्षं लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. ज्या काळात आपल्या माणसाची सावली चालत नव्हती, त्या काळात एक महार माणूस हेडमास्तर होता! बाबासाहेबांचा जन्मही १८९१ साली महूच्या छावणीतलाच.

पण ही शाळा आपल्याला का मिळाली होती? इंग्रजांना शिपाई हवे होते म्हणून. कोरेगावच्या स्तंभावर आपल्या पूर्वजांची नावं कोरणाऱ्या सरकारनेच १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. 'लढाऊ जाती' नावाचं एक थोतांड काढलं आणि त्यात आपल्याला बसवलं नाही. भरती गेली, तशी छावणीची शाळा गेली, पेन्शन गेली, वाचणारं-लिहिणारं घर गेलं. एका हुकुमाने पुढच्या पिढ्यांची वाट अडवली.

आपली माणसं गप्प बसली नाहीत. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. सरकारने दार उघडलं ते स्वतःला गरज पडली तेव्हा. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. काम संपलं, घरी जा!

आता १९४२ चं नागपूर पाहा. आदल्या वर्षी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली होती. दुसरी बटालियन १९४२ मध्ये उभी राहिली ती आपल्या इतवारीपासून पंधराएक किलोमीटरवर, कामठीला. ज्या कामठीत बाबू हरदास एल. एन. यांनी रात्रशाळा चालवल्या, त्याच कामठीत. त्याच वर्षी जुलैमध्ये नागपूरच्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा निर्णय झाला आणि बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले.

महार पलटणीसाठी बाबासाहेबांनी स्वतः जोर लावला होता. मग तेवढ्यावर ते थांबले का? नाही. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यापुढे अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन ठेवलं. त्यात उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी होती. त्यातून वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज महाडीबीटीवर आपली पोरं जो अर्ज भरतात, त्याचं मूळ इथे आहे.

यातला फरक नीट समजून घ्या. बाबासाहेबांना स्वतःला बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली ती सयाजीराव महाराजांच्या उदारपणामुळे, आणि तिच्यासोबत संस्थानात १० वर्षं नोकरी करण्याचा करार होता. तो करार पाळायला गेलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. असा अनुभव घेतलेल्या माणसाने १९४४ ची शिष्यवृत्ती कुणाच्या उपकारावर सोडली नाही. तुझा बाप पलटणीत होता का, असं ती विचारत नाही. ज्या समाजाला शिक्षण नाकारलं, त्या समाजाचं ते देणं आहे, एवढंच ती सांगते.

योगायोग पाहा. त्याच १९४४ च्या जूनमध्ये अमेरिकेने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी 'जीआय बिल' केलं. कॉलेजची फी सरकार भरणार, वर खर्चाला दरमहा पैसे देणार. सुमारे २२ लाख माजी सैनिक त्यावर कॉलेजात गेले. पण काळ्या सैनिकांचं काय झालं? कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता, अंमल मात्र स्थानिक गोऱ्यांच्या हातात होता. दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या कॉलेजांनी दारं बंद ठेवली आणि काळ्यांच्या कॉलेजांत जागा पुरल्या नाहीत. एकाच युद्धात लढलेल्यांना एकच कायदा वेगवेगळा लागला. केवळ 'सैनिक' म्हणून मिळणारा लाभ जातीच्या, वर्णाच्या भिंती आपोआप पाडत नाही.

आता आजचं बोलू. माजी सैनिकांच्या मुलांसाठी योजना आहेत आणि त्या घेतल्याच पाहिजेत. केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती मुलींना दरमहा ३००० आणि मुलांना २५०० रुपये देते. पण ती व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती आहे, वर्षाला साडेपाच हजार जणांनाच मिळते आणि गुणांची अट आहे. शिवाय ती माजी सैनिकांच्या मुलांना आणि विधवा पत्नींना आहे, स्वतः माजी सैनिकाला नाही. इंजिनीअरिंगसारख्या प्रवेशात राज्यातल्या माजी सैनिकांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन हे सगळं विचारा.

दुसरीकडे, बापाच्या पेन्शनमुळे घरचं उत्पन्न अडीच लाखांवर गेलं की मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. तिथे आपली अनेक घरं अर्ज करणंच सोडून देतात. ही चूक करू नका! अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला त्यापुढेही शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची फ्रीशिप आहे. दोन योजना एकत्र घेता येतात का, हे अर्जाआधी लेखी विचारून घ्या.

आणि अग्निवीर? २०२२ च्या या योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होणार. बाकीच्यांच्या हातात सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी येणार, ज्यातली अर्धी मूळ रक्कम त्यांच्याच पगारातून कापलेली आहे. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. म्हणजे वर सांगितलेल्या माजी सैनिकांच्या योजनांवर त्यांचा दावा नाही. बाविशी-पंचविशीतला हा तरुण कॉलेजची फी, खोलीभाडं आणि मेसचा खर्च काढेल की बहिणीचं लग्न आणि घराचं कर्ज? १९२१ साली पलटण मोडून घरी पाठवलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांची आठवण इथे येणारच.

म्हणून भरतीला जाऊ नका, असं आमचं म्हणणं नाही. खुशाल धावा, जिंका. पण शिक्षणाचा सगळा भार वर्दीवर टाकू नका. मागणी अशी करू की चार वर्षं सेवा दिलेल्या प्रत्येकाला पदवीपर्यंतचं शिक्षण हक्काने, सरकारी खर्चाने मिळावं. आणि १९४४ ची ती शिष्यवृत्ती, जी आज वेळेवर खात्यात यावी म्हणूनही झगडावं लागतं, तिचं उत्पन्नाचं बंधन आणि तिची रक्कम महागाईप्रमाणे वाढावी.

रामजीबाबांची शाळा एका हुकुमाने बंद झाली. बाबासाहेबांनी मिळवलेला हक्क बंद करायचा असेल, तर सरकारला आपल्याला ओलांडून जावं लागेल.

जय भीम!