हृदयातल्या चुन्याचा हिशोब

मंडळी, या शनिवारचा विषय जरा रुक्ष आहे, पण शेवटपर्यंत वाचा. एका आकड्याचा इतिहास सांगायचाय: कोरोनरी कॅल्शियम स्कोअर.

निमित्त घरचंच. आमचे मामा जव्हारला असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, वय ६२. त्रास म्हणाल तर काही नाही, घाट चढला तरी दम लागत नाही. मित्रांबरोबर मोखाडा-त्र्यंबक मार्गे ऐंशी किलोमीटरवर नाशिकला गेले आणि 'फुल बॉडी चेकअप' करून आले. रिपोर्टात स्कोअर ४१२, पुढे लाल अक्षरात 'हाय'. झालं! मामांची झोप उडाली. एक नातेवाईक म्हणाले उद्याच अँजिओग्राफी करा, दुसरे म्हणाले दूध बंद करा, तिसऱ्यांनी तर बायपासच्या खर्चाचा अंदाजही काढून ठेवला. मग मला फोन, कारण कॉम्प्युटरवाल्याला सगळं कळतं असा आमच्याकडे समज आहे. वैद्यक मला कळत नाही. पण एखादा आकडा आला कुठून आणि तो नेमकं काय मोजतो, हे खणून काढणं हा आमचा रोजचाच धंदा.

सुरुवात एका इंजिनियरपासूनच होते. गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड हा ईएमआय कंपनीतला माणूस. आधी त्याने ब्रिटनमधला ट्रान्झिस्टरवर चालणारा एक सुरुवातीचा कॉम्प्युटर बांधला होता. त्याच्या सीटी स्कॅनरवर १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिला रुग्ण तपासला गेला आणि १९७९ मध्ये त्याला नोबेल मिळालं. स्कॅनमधली घनता मोजायच्या एककाला त्याचंच नाव आहे. त्या मापात पाणी शून्य, हवा उणे हजार.

पण हृदय सतत हलतं, त्यामुळे फोटो धूसर येई. ऐंशीच्या दशकात इलेक्ट्रॉन बीमवर चालणारे अतिवेगवान स्कॅनर आले तेव्हा ती अडचण सुटली. १९९० मध्ये अमेरिकेत मायामीजवळच्या आर्थर अ‍ॅगॅट्स्टन आणि सहकाऱ्यांनी ५८४ लोकांचे स्कॅन तपासून मोजायची पद्धत छापली. पद्धत म्हणजे चक्क एक फॉर लूप आहे. प्रत्येक चकतीत १३० पेक्षा जास्त घनतेचा ठिपका शोधा, त्याचं क्षेत्रफळ घ्या, घनतेप्रमाणे १ ते ४ ने गुणा आणि सगळ्यांची बेरीज करा. बस्स. म्हणजे ४१२ हे शंभरपैकी मार्क नव्हेत, आणि 'इतके टक्के ब्लॉक' तर मुळीच नव्हे. या आकड्याला वरची मर्यादाच नाही.

मग तो सांगतो काय? रक्तवाहिनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साचतं, तिथे दाह होतो आणि वर्षानुवर्षांनी त्या जागी चुन्यासारखा कॅल्शियम जमतो. (चहातल्या दुधाचा याच्याशी संबंध नाही. मामींना हे दोनदा सांगावं लागलं.) स्कोअर म्हणजे या जुन्या जखमांची नोंदवही. हृदयाची नळी आज किती अरुंद आहे हे तो सांगत नाही, आजार किती पसरलाय याचा अंदाज देतो.

हा अंदाज किती खरा? अमेरिकेत २००० साली 'मेसा' नावाचा अभ्यास सुरू झाला, त्यात हृदयविकार नसलेले साडेसहा हजारांहून जास्त लोक होते. २००८ मध्ये निष्कर्ष आले. शून्य स्कोअरवाल्यांच्या तुलनेत ३०० च्या वर असणाऱ्यांना हृदयविकाराच्या घटनेचा धोका साडेनऊ पटींहून जास्त निघाला. म्हणजे मामांचा लाल रंग उगाच नव्हता. काणाडोळा करून चालणार नाही.

पण धोका जास्त म्हणून लगेच कॅथ लॅब गाठावी का? इथे इतिहास उलटं उत्तर देतो. २००७ मध्ये 'करेज' आणि २०१९ मध्ये 'इस्केमिया' या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. दुसरीत पाच हजारांवर रुग्ण होते, भारतातलेही. आजार स्थिर असलेल्यांमध्ये चांगल्या औषधांच्या जोडीला स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू काही कमी झाले नाहीत. छातीत दुखणं मात्र कमी झालं. ज्याला दुखतच नाही त्याने नुसत्या स्कोअरवरून अँजिओग्राफीला धावावं याला आधार नाही. (चालताना छाती भरून येत असेल, जबडा किंवा हात दुखत असेल, घाम फुटत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ब्लॉग वाचत बसू नका, दवाखाना गाठा.)

आयुष्य वाढवणारी गोष्ट भलतीकडेच सापडली होती. जपानमधल्या शेतकरी कुटुंबातल्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या तपासून १९७३ मध्ये पहिलं स्टॅटिन शोधलं. १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीत दुसऱ्या एका स्टॅटिनने मृत्यू ३० टक्क्यांनी घटवले. अमेरिकेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्कोअर १०० च्या वर असेल तर स्टॅटिन सुरू करावं. गंमत म्हणजे गोळीने स्कोअर उतरत नाही, थोडा वाढूही शकतो, कारण मऊ साठा घट्ट होतो. म्हणून दर सहा महिन्यांनी स्कॅन करून 'उतरला का' बघण्यात अर्थ नाही. बघायचं ते एलडीएल, बीपी आणि शुगर.

मामांच्या डॉक्टरांनी नेमकं हेच केलं. ईसीजी, रक्ततपासणी, रोज रात्री एक गोळी, आणि तंबाखूची चंची कायमची बंद. तो चुना तरी आपल्या हातात आहे!

आता मला खरी टोचलेली गोष्ट. 'मेसा' अभ्यासात गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे लोक होते, भारतीय वंशाचा गटच नव्हता. भारतीय आणि शेजारी देशांच्या वंशाच्या लोकांसाठी 'मसाला' हा वेगळा अभ्यास अमेरिकेत २०१० मध्ये सुरू झाला. त्यातही सगळे तिथे स्थायिक झालेले. जव्हार-मोखाड्याचा माणूस त्या आकडेवारीत कुठेच नाही.

आणि तो असायला हवा, कारण १९८९ मध्ये डेव्हिड बार्कर यांनी इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमधल्या जुन्या वह्या उघडल्या. १९११ पासून तिथल्या नर्स बाळांची वजनं टिपून ठेवत होत्या. पाच हजारांवर पुरुषांचा माग काढल्यावर दिसलं की जन्मतः आणि पहिल्या वर्षी ज्यांचं वजन कमी, त्यांच्यात पुढे हृदयविकाराने मरणारे जास्त. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून सहा खेड्यांत अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनला ३.५. वजन कमी, पण अंगात चरबी त्या मानाने जास्त.

आता आठवा १९९२. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे बालमृत्यू राज्यभर गाजले. कुपोषण म्हटलं की तेव्हापासून लोकांना जव्हार-मोखाडा आठवतं. त्या काळी कमी वजनाची जन्मलेली आणि जगलेली मुलं आज तिशी ओलांडून गेलीत. कुणी वीटभट्टीवर, कुणी भिवंडीत कामाला. बार्करचं म्हणणं नशीब सांगत नाही, गटाचा धोका सांगतं. पण ही पिढी धोक्याच्या वयाकडे चाललीय एवढं खरं.

त्यांना कुणी स्कॅनला न्या असं मी म्हणत नाही. तरुणपणी स्कोअर शून्य येऊन माणूस गाफील राहण्याचीच भीती जास्त. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर बीपी-शुगरची तपासणी आहे, गोळ्या स्वस्त आहेत, तंबाखू सोडायला पैसे लागत नाहीत. अंगणवाडीच्या वजनाच्या वह्याही आहेत. हर्टफर्डशायरने अशाच वह्या जपल्या म्हणून जगाला काही कळलं. आपल्या वह्या गाठोड्यात बांधून सडू नयेत, इतकंच.

असो. पुढच्या शनिवारी भेटू.