पापनिवेदनाचा श्रोता : गुप्त पाप, ईश्वर आणि मराठी ख्रिस्ती आत्मकथन

मराठीतील ख्रिस्ती आत्मकथने वाचताना एक आक्षेप सहज सुचतो. ही आत्मकथने पापाची भाषा बोलतात, पश्चात्तापाचे महत्त्व सांगतात; परंतु निवेदकाने नेमके कोणते पाप केले हे मात्र क्वचितच कळते. रूसोच्या 1782 पासून प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाने वाचकाला जी सवय लावली, तिच्या तुलनेत हे लेखन संकोची, किंबहुना अप्रामाणिक वाटण्याचा संभव आहे. या आक्षेपामागे एक गृहीतक दडलेले आहे : कबुलीची सत्यता तिच्या तपशिलावर ठरते. ख्रिस्ती परंपरेत गुप्त पाप ईश्वरापुढे मांडण्याचा जो इतिहास आहे, तो हे गृहीतक मान्य करीत नाही. त्या इतिहासातील वादाचा खरा विषय पापाचा तपशील हा नसून निवेदनाचा श्रोता हा आहे.

बायबलमध्येच ‘गुप्त पाप’ या कल्पनेचे दोन भिन्न अर्थ आढळतात. पहिला अर्थ लोकांपासून लपविलेल्या पापाचा. दावीद राजा बथशेबेचा अभिलाष धरतो, उरीयाचा घात घडवून आणतो आणि ते लपवितो; नाथान संदेष्टा एक दृष्टान्त सांगून त्याला स्वतःचाच न्यायनिवाडा करावयास लावतो. परंपरेने 51वे स्तोत्र या प्रसंगाशी जोडले आहे. दुसरा अर्थ अधिक सूक्ष्म आहे. 19व्या स्तोत्रातील भक्त आपल्याला न कळलेल्या दोषांपासून शुद्ध करण्याची याचना करतो. हे पाप इतरांपासून नव्हे, पाप करणाऱ्यापासूनच लपलेले आहे. पहिल्या प्रकारचे पाप सांगता येते, पण सांगितले जात नाही. दुसऱ्या प्रकारचे सांगण्याची इच्छा असूनही सांगता येत नाही. ईश्वराला मात्र दोन्ही ठाऊक आहेत. मग सर्वज्ञ श्रोत्यापुढे निवेदन करण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न उरतो. पुढील चर्चसंस्थेने या प्रश्नाची जी उत्तरे दिली, त्यांतून कबुलीचे निरनिराळे प्रकार आकाराला आले.

आरंभीच्या शतकांत गंभीर पापासाठी मंडळीसमोर प्रकट प्रायश्चित्त घेण्याची रीत होती. तेथे शब्दांहून देहाचा आविष्कार महत्त्वाचा होता : जाडेभरडे वस्त्र, उपवास, अश्रू. इ. स. 459 मध्ये पोप पहिला लिओ याने पापांची लेखी यादी मंडळीत वाचून दाखविण्याची प्रथा निषिद्ध ठरविली आणि धर्मगुरूजवळ गुप्तपणे केलेले निवेदन पुरेसे मानले. 1215 मध्ये चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीला वर्षातून किमान एकदा धर्मगुरूपुढे पापनिवेदन करणे बंधनकारक केले आणि ते उघड करणाऱ्या धर्मगुरूसाठी कठोर दंड सांगितला. ट्रेंटच्या परिषदेने 1551 मध्ये याला अधिक काटेकोर रूप दिले. कसून आत्मपरीक्षण केल्यावर आठवतील ती सर्व प्राणघातक पापे, अत्यंत गुप्त असलेलीसुद्धा, त्यांच्या स्वरूपासह सांगितली पाहिजेत, असा दंडक ठरला. येथे धर्मगुरू न्यायाधीशाच्या जागी आहे, आणि ज्याच्यापुढे खटलाच मांडला नाही त्याने निवाडा कसा करावयाचा, हा त्यामागील युक्तिवाद आहे.

प्रॉटेस्टंट पंथाची वाट नेमकी येथे फुटते, आणि तीही 19व्या स्तोत्राच्या आधाराने. 1530 च्या आउग्सबुर्ग येथील विश्वासनाम्याने खाजगी पापनिवेदन रद्द केले नाही; मात्र सर्व पापांची गणना करणे अनावश्यक ठरविले, कारण ती गणना अशक्य आहे. आपले सर्व दोष कोणाला कळतात, हा स्तोत्रकर्त्याचा प्रश्नच तेथे पुरावा म्हणून येतो. इंग्लंडच्या चर्चने 1552 च्या प्रार्थनापुस्तकात संपूर्ण मंडळीने एका आवाजात म्हणावयाची सर्वसाधारण कबुली घातली. त्या कबुलीत कोणतेही विशिष्ट पाप नाही. जो तो आपापले पाप त्या सामायिक शब्दांत मनातल्या मनात भरतो. तात्पर्य, निवेदनाची अपूर्णता ही या परंपरेत लबाडी नव्हे. ते एक धर्मशास्त्रीय तत्त्व आहे.

इ. स. 400 च्या सुमारास सिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात ऑगस्टीनने हा पेच फार पूर्वी ओळखला होता. संपूर्ण ग्रंथ ईश्वराला उद्देशून आहे. पण तो माणसांनी वाचावा म्हणून लिहिलेला आहे. दहाव्या भागात तो स्वतःलाच विचारतो की माणसांनी आपली कबुली का ऐकावी. त्याच्या उत्तराचा आशय असा, की ईश्वराला माहिती पुरविण्यासाठी निवेदन नसते. निवेदनामुळे निवेदकाची स्थिती पालटते आणि ते ऐकणारा निराशेतून जागा होतो. ज्या लॅटिन शब्दावरून ग्रंथाचे नाव आले त्याचा अर्थ कबुली तसाच स्तुतीही आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. रूसोने या रचनेतील ईश्वराला आरंभीच्या आवाहनापुरते ठेवले आणि निवाड्याचा अधिकार वाचकाकडे दिला. श्रोता बदलताच तपशिलाची मागणी वाढली.

मिशेल फूकोने 1976 मध्ये कबुलीचा विचार सत्तेच्या संदर्भात केला. त्याच्या मते कबुली सत्य केवळ प्रकट करीत नाही, तर ते निर्माण करते. आणि सत्ता बोलणाऱ्याकडे नसून ऐकणाऱ्याकडे असते. हे विवेचन 1215 नंतरच्या व्यवस्थेला चपखल लागू पडते. प्रकट प्रायश्चित्त आणि मठातील शाब्दिक आत्मनिवेदन यांतील भेद फूकोने स्वतःही नोंदविला, हे 2018 मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या त्याच्या खंडावरून स्पष्ट होते. परंतु जेथे मानवी श्रोता हेतुपुरस्सर दूर सारला आहे, तेथे सत्तेचे हे प्रारूप कितपत पुरते? मराठी उदाहरणे या प्रश्नाची कसोटी घेतात.

गोव्यात सोळाव्या शतकात आलेल्या कॅथलिक व्यवस्थेबरोबर पोर्तुगीज क्रियापदापासून बनलेला ‘कुमसार’ हा शब्द कोंकणीत रुळला. थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये आणि कोंकणीतील प्रश्नोत्तररूप ‘दौत्रिन क्रिस्तां’ 1622 मध्ये राशोल येथे छापले गेले. ओवीसाठी देशी शब्दसंपत्ती मुबलक सापडली. या संस्काराचे नाव मात्र परकेच राहिले. याचा अर्थ पाप उघड करण्याची कल्पनाच येथे अपरिचित होती असा नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापनाशाच्या साधनांत अनुतापाबरोबर ख्यापनाचा, म्हणजे पाप जाहीर करण्याचा, उल्लेख आहे. पापी परिषदेपुढे जातो, पाप सांगतो आणि परिषद प्रायश्चित्त ठरविते. त्याच धर्मशास्त्राने ‘रहस्य प्रायश्चित्त’ही सांगितले आहे : जे पाप कर्त्यावाचून कोणालाच ठाऊक नाही, त्यासाठी परिषदेकडे न जाता जप, प्राणायाम इत्यादी एकान्तात करावेत. कॅथलिक व्यवस्थेत पाप जितके गुप्त तितकी ते सांगण्याची निकड अधिक. धर्मशास्त्रात ते गुप्त असेल तर शुद्धीही गुप्तच. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती झालेला सुशिक्षित मराठी माणूस धर्मशास्त्राची ही पार्श्वभूमी घेऊनच प्रॉटेस्टंट पंथात येत होता.

बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. 1854 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापूर्वीची दीर्घ घालमेल हा या ग्रंथाचा गाभा आहे. त्यात लपविलेले असे जे आहे ते एखादे कृत्य नसून प्रामुख्याने विश्वास आहे. मनाने एक आणि आचाराने दुसरे, अशा अवस्थेत निवेदक काही वर्षे काढतो. जातिभेद मोडू पाहणाऱ्या, पण आपले सभासदत्व गुप्त ठेवणाऱ्या परमहंस सभेशी त्यांचा संबंध आला होता. त्या सभेच्या माहितीचे ‘अरुणोदय’ हे एक महत्त्वाचे साधन आहे. गुप्ततेचा हा सामाजिक अनुभव ग्रंथात नैतिक अर्थ धारण करतो. सत्य ठाऊक असून ते लपविणे, हेच येथे गुप्त पाप ठरते. अशा पापाची कबुली शब्दांच्या यादीने पुरी होत नाही; ती बाप्तिस्म्याच्या उघड कृतीनेच पुरी होते. ‘अरुणोदया’त तपशील कमी आहेत असे म्हणणारा वाचक पापाची स्वतःची व्याख्या ग्रंथावर लादतो.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत श्रोत्याचा प्रश्न अधिक तीव्र होतो. 1883 मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर भगिनी जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार (तो 1977 मध्ये मुंबईत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला) धर्मगुरूच्या अधिकाराविषयीच्या संघर्षाने भरलेला आहे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याचे जोखड घेण्यास त्यांची सद्सद्विवेकबुद्धी तयार नव्हती. 1907 च्या त्यांच्या इंग्रजी ‘साक्षी’त त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना वैयक्तिक तारणाचा अनुभव आला, तोवर त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. याही ग्रंथात पापांची यादी नाही. ‘साक्ष’ हा शब्दच बोलका आहे. कबुली आरोपी देतो, साक्ष साक्षीदार देतो. रमाबाईंनी बोलण्यासाठी दुसरे स्थान निवडले.

याच रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनात 1905 मध्ये धर्मजागृतीची लाट आली. मुली रडत पापे कबूल करू लागल्या. शेकडो जणींनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करणे हे त्या सभांचे वैशिष्ट्य होते. बाहेरून पाहणाऱ्यांना हा गोंधळ वाटे. रमाबाईंनी त्या रीतीची पाठराखण केली. या दृश्याचा श्रोत्याच्या दृष्टीने विचार केला तर एक विलक्षण गोष्ट लक्षात येते : सर्व जणी मोठ्याने बोलत असल्यामुळे एकीचे शब्द दुसरीला वेगळे ऐकू येणे कठीण. निवेदन उघड आहे, आवाज आहे, देह आहे. पण त्या गजरात प्रत्येकीचे पाप पुन्हा झाकले जाते आणि ते वेगळे काढून ऐकणारा एकटा ईश्वर उरतो. विधवा, अनाथ, दुष्काळग्रस्त अशा या मुलींच्या ‘पापा’विषयी बोलण्याचा अधिकार समाजाने आजवर स्वतःकडे ठेवला होता. त्यांच्यासाठी या आवरणाचे मोल लहान नव्हते. अर्थात येथे सत्ता अजिबात नव्हती असे म्हणता येणार नाही. प्रार्थनेचे वळण आणि पापाची परिभाषा संस्थेनेच शिकविली होती. परंतु ती सत्ता ऐकणाऱ्याची नव्हती, आणि फूकोच्या प्रारूपात नेमकी हीच शक्यता दुर्लक्षित राहते.

मराठीत ‘पापनिवेदन’ हा शब्द रुळला, त्यालाही अर्थ आहे. निवेदन म्हणजे सांगणे, तसेच अर्पण करणे. नैवेद्य हा शब्द त्याच धातूचा. नवविधा भक्तीतील नववी भक्ती आत्मनिवेदन होय, आणि दासबोधाच्या चौथ्या दशकातील तिचे विवेचन स्वतःची कहाणी सांगण्याविषयी नसून ‘मी’पण समर्पित करण्याविषयी आहे. सर्वज्ञ ईश्वराला पाप का सांगावे, या जुन्या प्रश्नाचे उत्तर या शब्दातच सापडते : त्याला ते कळावे म्हणून नव्हे, तर ते आपल्यापाशी राहू नये म्हणून. मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील मौनाकडे या अर्थाने पाहिले, तर ते लेखकाचे अपयश ठरत नाही. जे अर्पण करून झाले आहे ते वाचकापुढे पुन्हा मांडण्याचे बंधन त्या लेखकांवर नव्हते. या ग्रंथांची समीक्षा करताना, ते कोणाला उद्देशून बोलत आहेत हे आधी ठरविले पाहिजे. त्यांनी काय सांगितले नाही याचा हिशेब त्यानंतरच मांडता येईल.