वकीलच म्हणतो, अपिलात दम नाही!

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. पण घरफोडीच्या आरोपावरून ज्याला पोलिसांनीच ती पायरी चढवली, त्याला हा उपदेश काय कामाचा? शिक्षा झाली; अपील करायचे तर गाठीला पैसा नाही, म्हणून कोर्टाने वकील नेमून दिला; आणि त्या वकिलाने कागद चाळून सांगितले की, बाबा रे, यात काही दम नाही! आता त्या गरिबाने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

अमेरिकेत वॉशिंग्टन येथे एलिस नावाच्या इसमावर हाच प्रसंग आला. आरोप घरफोडीचा व चोरीचा. नेमलेल्या वकिलांनी अपील पोकळ ठरवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले, तेव्हा गंमत अशी झाली की, आरोपीला पकडण्यास पुरेसे कारण होते काय, हा मुद्दा पोकळ नाही, असे खुद्द सरकारपक्षानेच मान्य केले! वकिलाने अशिलाची बाजू लढवावी, न्यायालयाचा तटस्थ सल्लागार होऊ नये, असे १९५८ साली न्यायालयाने बजावले. मात्र अपील खरोखरच निरर्थक असेल, तर वकिलाला अंग काढून घेण्याची वाट ठेवली. पुढचा वाद याच फटीतून शिरला.

कॅलिफोर्नियात अँडर्स नावाच्या माणसाला गांजा बाळगल्याबद्दल शिक्षा झाली होती. त्याच्या वकिलाने न्यायालयाला एक पत्र धाडले: अपिलात तथ्य नाही, सबब मी कैफियत देणार नाही. संपले! अँडर्सने दुसरा वकील मागितला, तो मिळाला नाही. बिचारा एकटाच लढला आणि १९५९ साली हरला. सहा वर्षांनी त्याने पुन्हा दार ठोठावले. अखेर १९६७ साली न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी निकाल दिला, की नुसते पत्र चालणार नाही. वकिलाने सारे दप्तर नीट तपासावे, अपिलाला आधार होऊ शकेल असे जे काही सापडेल ते लिहून द्यावे, त्याची प्रत अशिलाला द्यावी, अशिलाला आपले मुद्दे मांडू द्यावे; आणि अपील खरोखर पोकळ आहे काय, हे न्यायालयाने स्वतः दप्तर पाहून ठरवावे.

न्यायमूर्ती स्टुअर्ट यांना हे पटले नाही. आधार होण्याजोगे मुद्दे असतील, तर अपील पोकळ कसे? आणि पोकळ असेल, तर मुद्दे आणायचे कुठून? त्यांच्या बाजूने सही करणाऱ्यांत न्यायमूर्ती ब्लॅक होते, हे विशेष. कारण गिडियन या दरिद्री आरोपीच्या खटल्यात, गंभीर गुन्ह्याच्या गरीब आरोपीला सरकारने वकील दिलाच पाहिजे, हा १९६३ चा गाजलेला निकाल ब्लॅक यांनीच लिहिला होता. तर्कात स्टुअर्ट सरस, असे मला वाटते. पण पैसेवाल्याला एका वकिलाने नकार दिला तर तो दुसऱ्याची पायरी चढतो. नेमलेला वकील हेच ज्याचे एकमेव दार, त्याच्याकडे पाहिले की क्लार्क जवळचे वाटतात. पुढे २००० साली त्याच न्यायालयाने, हीच एक रीत बंधनकारक नाही, राज्यांनी तितकीच भरवशाची दुसरी काढावी, अशी सूट दिली.

आपल्याकडे हा प्रश्न १९७८ साली महाराष्ट्रातल्याच होसकोट खटल्यात वेगळ्या वाटेने आला. अपिलाला उपयोगी पडणारी निकालाची प्रत कैद्याच्या हाती वेळेवर पडलीच नव्हती आणि सर्वोच्च न्यायालयात पोचेपर्यंत शिक्षा भोगून झाली होती! न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आज्ञा केली, की प्रत फुकट द्यावी, पोचल्याची कैद्याची लेखी पावती तुरुंगाधिकाऱ्याने घ्यावी आणि गरजूला वकील नेमून द्यावा. मात्र त्या वकिलाला कैद्याची हरकत नसली पाहिजे.