मोल न घेता दिलेली विद्या : पेडणे आणि डिचोलीतील बांध, वैद्य आणि माटोळी

आपल्याला येणारी विद्या दुसऱ्याच्या अडचणीत मोबदला न घेता वापरणारी माणसे प्रत्येक काळात आढळतात. परंतु ती तसे का करतात, या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्यांच्या स्वभावात शोधले जाते, त्यांच्या गावाच्या घडणीत क्वचितच. उत्तर गोव्यातील पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांचा इतिहास या दृष्टीने तपासला, तर फुकट मिळणाऱ्या मदतीमागे जमिनीची, पाण्याची आणि श्रद्धेची पक्की बांधणी होती, असे दिसते. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट लक्षात येते: मदत मोफत देणे वेगळे आणि विद्या खुली करणे वेगळे. या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच गावगाड्यातील परोपकाराविषयी पुष्कळ भाबडे लिहिले गेले आहे.

डिचोली १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये, सावंतवाडीच्या भोसल्यांच्या अमलातून पोर्तुगीजांकडे आले. तिसवाडी, बार्देस आणि साष्टी या ‘जुन्या काबिजादी’त, म्हणजे सोळाव्या शतकात जिंकलेल्या मुलखात, धर्मांतराचा आणि इन्क्विझिशनचा जो वरवंटा फिरला, तो या ‘नव्या काबिजादी’त फिरला नाही, येथील लोकांचे धर्माचार आणि रूढी राखण्याचे पोर्तुगीजांनी मान्य केले आणि एकोणिसाव्या शतकात त्या रूढींच्या संहिताही तयार झाल्या. त्यामुळे देऊळ, जत्रा, मराठी पोथ्या आणि गावकी यांची वीण या दोन तालुक्यांत बरीचशी शाबूत राहिली, आणि विद्येच्या देवघेवीच्या जुन्या रीतीही तिच्याबरोबर टिकल्या.

या रीतींचा पाया गावकरी या संस्थेत होता. गावकरी म्हणजे गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांच्या वंशजांची, सामाईक जमीन बाळगणारी आणि तिचे उत्पन्न गावाच्या खर्चासाठी लावणारी संस्था. पोर्तुगीजांनी तिला ‘कोमुनिदाद’ हे नाव दिले. गोवा बेटावरील गावकऱ्यांचे हक्क आणि प्रथा आफोन्सु मेशिया या महसूल अधिकाऱ्याने १५२६ च्या सनदेत नोंदवल्या, तेव्हा ही संस्था आधीपासूनच रुळलेली होती. नव्या काबिजादीतील गावकऱ्या सावंतांच्या आणि देसायांच्या सत्तेखाली वेगळ्या घडल्या, तरी एक तत्त्व सर्वत्र सारखे होते. गावाला ज्यांच्या कसबाची गरज असे, अशा सुतार, लोहार, देवळाचे सेवेकरी आदींना ‘नमस’ जमीन, म्हणजे सेवेच्या बदल्यात कसण्यासाठी दिलेली जमीन, लावून दिलेली असे. देशावरच्या बलुतेदारीत धान्याचा जो वाटा असे, त्याचेच हे जमिनीतले रूप होय. नांगराचा फाळ कसा बसवावा किंवा दाराची चौकट का फुगली, असे कोणी विचारले, तर त्या सल्ल्याचे वेगळे दाम कोणी मोजत नसे, कारण सल्ला देणाऱ्याच्या चुलीची सोय आधीच झालेली होती. त्याला स्वयंसेवा म्हणणे चूक ठरेल. पण ज्याचे पोट दुसरीकडून भरते, त्याला आपली विद्या सढळ हाताने वापरता येते, ही गोष्ट मात्र येथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते.

खाजन शेतीत या प्रश्नाला दुसरेच वळण मिळते. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी नदीकाठची सखल जमीन, जी बांध घालून लागवडीखाली आणली जाते. पेडण्यात शापोरा आणि तेरेखोल या नद्यांच्या काठी आणि डिचोलीत मांडवीच्या बाजूला समुद्राचे खारे पाणी भरतीबरोबर आत चढते. चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचा बांध ते अडवतो, बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मारा झेलते आणि ‘मानस’ नावाचा दरवाजा पाण्याची ये-जा सांभाळतो. मानशीची लाकडी झडप अशी बसवलेली असते की, भरतीच्या दाबाने ती आपोआप मिटते आणि ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. पावसाळ्यात गोड्या पाण्याने जमिनीतले मीठ धुऊन जाते आणि मग कोरगुटसारखे खारेपणा सोसणारे भात लावता येते.

ही सगळी रचना एका खेकड्याच्या बिळाने कोसळू शकते. कुर्ल्यांनी बांध पोखरला की आधी त्याच्या आतल्या अंगाला बोटभर ओल दिसते, मग पाझर लागतो आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तेथेच खिंड पडते. एकदा खारे पाणी शेतात शिरले की, ज्याच्या वाट्याची जमीन बांधाला लागून आहे त्याचेच नव्हे, तर आतल्या शेवटच्या कुणग्याचेही पीक जाते आणि जमीन पुन्हा गोडी होण्यास अनेक पावसाळे लागू शकतात. पाझर ओळखणे, बीळ कोठून कोठे गेले आहे याचा अंदाज घेणे, कोणता चिखल चिकट आणि कोणता धुपणारा हे हाताने पाहून सांगणे, मानशीची फळी कधी बदलावी हे जाणणे, ही विद्या पुस्तकात नव्हती. ती बांधावरून चालणाऱ्यांच्या अंगी होती आणि ती कोणी लपवून ठेवत नसे. शेजाऱ्याला पाझर ओळखता येत नसेल, तर त्याचे अज्ञान आपल्याही शेतात शिरते. म्हणून जाणत्याने अजाणत्याला शिकवणे हे तेथे स्वार्थ आणि परोपकार यांपैकी नेमके काय, हे सांगता येत नाही, आणि सांगण्याची गरजही नसते. मानशीजवळच्या मासळीचा हक्क लिलावाने देऊन बांधाच्या खर्चाला हातभार लावण्याची प्रथाही याच विचारातून आलेली होती.

ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ढासळली. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले, जे न्याय्यच होते. परंतु बांधाची जबाबदारी गावकरीकडून सुटत गेली आणि १९७५ च्या नियमांनी ती कुळांच्या संघांकडे सोपवली. कूळ कायद्याने जमिनीचा प्रश्न सोडवला, तरी बांधावरून रोज चालण्याची सवय कायद्याला लावता येत नव्हती. शेती सोडून माणसे नोकरीला लागली, मांडवीतून लोहखनिज वाहणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी काठ खचवले, आणि पाझर ओळखणारा माणूस उरला, तरी त्याने ज्याला शिकवावे असा कोणी बांधावर येईनासा झाला.

वैद्यकाचा इतिहास याच्या बरोबर उलट दिशेने जातो, आणि तो अधिक गुंतागुंतीचा आहे. गोव्यातील हिंदू वैद्यांची कीर्ती पोर्तुगीज काळाच्या आरंभापासून नोंदलेली आहे. १५३४ मध्ये गोव्यात आलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने भारतीय औषधी द्रव्यांवर संवादरूपात लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात मालुपा नावाच्या हिंदू वैद्याचा उल्लेख येतो, आणि ज्याला येथील लोक मोडशी म्हणत त्या पटकीसारख्या रोगाचे वर्णनही येते. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्स्खोटेन या डच प्रवाशाने तर लिहून ठेवले आहे की, व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि पाद्रीसुद्धा आपल्या देशबांधवांपेक्षा हिंदू वैद्यांवर अधिक भरवसा ठेवत. चर्चने ख्रिस्ती लोकांवर अशा वैद्यांकडे जाण्यास बंधने घातली असतानाही हे चालू होते. हे शहरातले वैद्य मानमरातबाचे आणि मोबदला घेणारे होते, हे येथे विसरता कामा नये.

गोव्याहून दक्षिणेकडे स्थलांतरित झालेल्या सारस्वत समाजातील रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांनी आपली विद्या जगासमोर ठेवली, ही घटना याच परंपरेत वेगळी उठून दिसते. मलबारचा डच सेनापती हेन्द्रिक व्हान रेडे याने कोचीत सिद्ध केलेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या वनस्पतिकोशासाठी त्यांनी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर काम केले. नागरी लिपीत कोकणीतून लिहिलेले त्यांचे १६७५ च्या एप्रिलमधील प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेले आहे. १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमहून निघालेले त्याचे बारा खंड आजही आधारग्रंथ मानले जातात. ही विद्या लिहून दिली गेली म्हणून उरली, आणि ती लिहून देण्यास सत्तेचा आग्रह लागला, या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पेडणे-डिचोलीच्या खेड्यांतला वैद्य या शहरी पंडितासारखा नव्हता. तो शेतकरी असे, पुजारी असे, कधी एखाद्या घरची म्हातारी असे, आणि त्याच्याकडे बहुधा एखाद-दोनच दुखण्यांचे औषध असे: एखादे घर काविळीसाठी प्रसिद्ध, दुसरे मोडलेले हाड बसवण्यासाठी, तिसरे नागिणीसाठी. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या गोव्याच्या वैद्यकीय शाळेतून शिकलेल्यांपैकी बरेच जण पोर्तुगालच्या आफ्रिकेतील वसाहतींत नोकरीस गेले; साहजिकच डोंगराआडच्या वाड्यांना अशा घरांचाच आधार होता. येथे कडक नियम असा की, औषधाचे पैसे घ्यायचे नाहीत. पैसे घेतले तर हाताचा गुण जातो, अशी श्रद्धा होती. फार तर रोगी बरा झाल्यावर नारळ आणि विडा ठेवी आणि तोही देवापुढे. या श्रद्धेने गरिबाला वैद्याच्या दारात ताठ मानेने उभे राहता येत असे, आणि वैद्यालाही खोटी आशा विकण्याचा मोह टळत असे, हे तिचे फार मोठे सामाजिक कार्य होते.

परंतु त्याच श्रद्धेचा दुसरा भाग असा की, औषधाचे नाव बाहेर फोडले तरी गुण जातो. म्हणून पाला पहाटे कोणाच्या नजरेस न पडता आणायचा, तो ओळखू येऊ नये इतका कुटायचा आणि विद्या एकाच वारसाला, बहुधा उतारवयात, सांगायची. उपचार सर्वांना आणि फुकट, विद्या मात्र एकालाच. असा हा विलक्षण करार होता. दाम न घेणाऱ्याला मिळणारा मान त्या विद्येच्या दुर्मिळतेवरच उभा होता, हे त्यामागचे कारण असावे. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने दानावरील १९२५ च्या निबंधात दाखवले की, परतफेडीची अपेक्षा नाही असे दिसणारे दानही नाते, मान आणि उपकाराची जाणीव निर्माण करते. गावठी वैद्यकाला हे तंतोतंत लागू पडते. आणि रिचर्ड टिटमस याने १९७० मध्ये ब्रिटन आणि अमेरिका येथील रक्तदानाची तुलना करून मांडले की, जेथे दानाला बाजारभाव येतो तेथे दानाची गुणवत्ता आणि त्यामागची वृत्ती दोन्ही उणावतात. पैसा घेतला तर गुण जातो, ही कोकणी धारणा त्याच अनुभवाचे धार्मिक रूप मानण्यास हरकत नाही. मात्र या बंद विद्येची किंमत जबर होती. वारस मुंबईला गेला, किंवा वैद्य अचानक गेला, की ते औषध त्या गावापुरते कायमचे संपत असे.

याच रानातल्या याच वनस्पती चतुर्थीच्या दिवशी मात्र उघड्यावर येतात. गणपतीच्या डोक्यावर टांगल्या जाणाऱ्या लाकडी चौकटीला, म्हणजे माटोळीला, सुपारीचे शिपटे, नारळाची पेंड, आंबाडे, तोरिंगे, निरफणस, चिबूड यांबरोबर रानातली लाल कवंडळे आणि कांगुण्यांचे घोस बांधले जातात. कांगुणी म्हणजे आयुर्वेदातली ज्योतिष्मती. तिच्या बियांच्या तेलाचा औषधी उपयोग वैद्य गुपचूप करत आला, पण माटोळीसाठी तिची वेल कोणत्या कुंपणावर चढते, फळ कधी पिकते आणि कवंडळ खाऊ का नये, हे घरातले जाणते लोक पोरांना बरोबर नेऊन दाखवत. माटोळी एकट्याने भरत नाही. ती जितकी विविध तितका घराचा मान, म्हणून शेजाऱ्याला न मिळालेले फळ कोठे मिळेल हे सांगण्यात कमीपणा नसे. घुमट आरतीचेही तसेच आहे: घुमट, शामेळ आणि कासाळे यांचा मेळ जमवायला चार-सहा हात लागतात, तेव्हा जुन्या वादकाने नव्याला शिकवले नाही तर त्याचीच आरती उभी राहत नाही. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून घोषित केले, त्याच्या कितीतरी आधीपासून ते शिक्षण वाड्यावाड्यांवर विनाशुल्क चालत आले होते.

आज या तिन्ही रीतींतली विद्या कागदावर आणण्याचा प्रयत्न कायद्यानेच सुरू केला आहे. हळदीच्या जखमेवरील वापराचे अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या हरकतीवरून १९९७ मध्ये रद्द झाले, आणि घराघरांत मोफत मिळणारी विद्या परक्याच्या मालकीची होऊ शकते, हे देशाला कळले. त्यानंतर आलेल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावपातळीवरील समित्यांनी लोकांच्या माहितीवरून जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. स्थानिक रहिवासी आणि वैद्य-हकीम यांच्या परंपरागत वापराला त्या कायद्याने सूट दिली आहे. ही नोंदवही भरताना माटोळीच्या फळांची नावे, त्यांची जागा आणि हंगाम भराभर लिहून होतात, कारण ती सर्वांची विद्या आहे. बांधाची माहितीही मिळते, ज्या गावात तो अजून उभा आहे तेथे. औषधाच्या रकान्याशी मात्र लेखणी थबकते. सांगणाऱ्याला भीती परक्या कंपनीची असते, आपल्या हाताचा गुण जाण्याची असते आणि आयुष्यभर एकही पैसा न घेता राखलेला मान गमावण्याचीही असते. अशी माहिती गोपनीय ठेवण्याची तरतूद या नोंदवहीत करता येते. ती तरतूद नोंद करणाऱ्याने प्रत्येक वैद्याला आधीच, त्याच्या भाषेत आणि नीट समजावून सांगितली, तरच वनस्पतीच्या नावापुढे मात्रा, काळ आणि पथ्य हे रकाने भरले जाण्याची शक्यता राहते.