दोन झाडे लावल्याचा दाखला

शाळा, गाव आणि फळबाग यांची सांगड घालण्याची कल्पना जुनी आहे. तिचा एक धडा आम्हांला आल्सासमधील वाल्डर्सबाख या डोंगराळ खेड्यात सापडतो.

१७६७ साली योहान फ्रीडरिश ओबरलिन तेथे पाद्री म्हणून आले. जमीन नापीक, लोक गरीब, फळझाडे थोडी व खुरटी. शहरातून आलेल्या माणसाने शेती शिकवावी हे गावकऱ्यांना पटेना. तेव्हा ओबरलिन यांनी उपदेश सोडला. रहदारीच्या पायवाटेलगतच्या आपल्या जमिनीत त्यांनी चर खणले, चांगल्या मातीने भरले आणि फळझाडे लावली. ती जोमाने वाढताना पाहून लोक आपण होऊन चौकशी करू लागले. मग त्यांनी लोकांना कलमे बांधायला शिकवले.

कलमेच का? सफरचंदाच्या बहुतेक जातींना फळ धरण्यासाठी दुसऱ्या जातीचे पराग लागतात. त्यामुळे बीपासूनचे रोप मूळ झाडासारखे निघत नाही. कलमात मात्र निवडलेल्या झाडाची काडी खुंटावर बसवतात. दोघांच्या सालीखालचा वाढता थर जुळला, की काडी आपले गुण राखते. परागांच्या या गरजेमुळेच एकटे झाड नीट फळत नाही. त्याला शेजारी लागतो. म्हणजे फळबाग मुळातच सामुदायिक!

ओबरलिन यांच्या शाळांत मुले परिसरातील वनस्पती ओळखायला शिकत. पुढे त्यांनी असा नियमच केला, की चर्चच्या दृढीकरण विधीपूर्वी प्रत्येक मुलामुलीने दोन झाडे लावल्याचा पालकांचा दाखला आणावा. १८१८ साली फ्रान्सच्या राजेशाही कृषी संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले.

१८६९ च्या ऑस्ट्रियन शिक्षण कायद्याने ग्रामीण शाळांना शक्य तेथे बाग किंवा शेतीच्या प्रयोगांसाठी जागा मिळवून देण्याची तरतूद केली. पण कायदा जागा देतो. निगा देत नाही. झाड फळाला येईपर्यंत ते लावणारी मुले बहुधा प्राथमिक शाळा सोडून गेलेली असतात. शिवाय पाण्याची खरी ओढ लागते ती मे महिन्यात, नेमकी शाळा बंद असताना. म्हणून शाळेची बाग एकट्या शाळेला जगवता येत नाही; ती गावाची व्हावी लागते.

तेव्हा शिक्षकमित्रहो, रोपे आणण्याआधी दोन प्रश्न गावापुढे ठेवा: सुट्टीत पाणी कोण घालणार, आणि फळे कोणाची? उत्तरे मिळाली, की मगच खड्डे खणायला घ्या.