शब्दांचे औषध : कांदोळीच्या फारियापासून आजच्या मानसोपचारापर्यंत

औषध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाटली, पुडी किंवा गोळी उभी राहते. शब्द हेही औषध होऊ शकते, असे कोणी म्हटले तर ते अलंकारिक बोलणे समजून आपण सोडून देतो. घरातील एखाद्या माणसाची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, कामावर जाण्याचे त्याला जड वाटू लागले, तर ‘मन घट्ट कर’ एवढे सांगून आपण मोकळे होतो. आणि तेवढ्याने भागले नाही म्हणजे अंगारेधुपारे करणाऱ्याचा उंबरठा झिजवू लागतो. वास्तविक संभाषणाच्या साह्याने मनाचे दुखणे बरे करण्याचे शास्त्र गेली दोनशेहून अधिक वर्षे घडत आले आहे. त्याच्या आरंभीच्या पानांवर एका गोमंतकीयाचे नाव आहे, आणि अगदी अलीकडच्या पानांवर गोव्यातल्या आरोग्यकेंद्रांचे. या दोन टोकांमधील प्रवास आज आपण थोडक्यात पाहू. हा प्रवास एका प्रश्नाभोवती फिरतो : बरे करण्याची शक्ती असते कोणाजवळ? उपचार करणाऱ्याजवळ, की ज्याला बरे व्हायचे आहे त्याच्याजवळ?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाला पॅरिस शहराने दिलेले उत्तर सरळ होते. व्हिएन्नाहून तेथे आलेल्या फ्रान्झ मेस्मर नावाच्या वैद्याने असे प्रतिपादिले की, सर्व विश्वात एक सूक्ष्म चुंबकीय द्रव भरलेला असून त्याचा प्रवाह देहात अडला म्हणजे रोग उद्भवतो. हा द्रव आपण आपल्या हातांनी रोग्याच्या अंगात सोडतो, असा त्याचा दावा. त्याच्या दालनात रोग्यांची रीघ लागे. कोणाला झटके येत, कोणी रडू लागे, आणि कित्येकांना खरोखरच बरे वाटे. 1784 साली फ्रान्सच्या राजाने चौकशीसाठी आयोग नेमला. त्यात अमेरिकेचे वकील बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए यांच्यासारखी माणसे होती. त्यांनी एका मुलाचे डोळे बांधून त्याला फ्रँकलिनच्या बागेत नेले. तेथील एकाच झाडात चुंबकीय द्रव ‘भरलेला’ होता. मुलगा एकामागून एक झाडाला बिलगत गेला आणि चौथ्याच झाडापाशी बेशुद्ध पडला. पण द्रव भरलेले झाड ते नव्हेच! आयोगाने निर्णय दिला की द्रव अस्तित्वात नाही. जे घडते ते कल्पनेमुळे.

निर्णय बिनचूक होता, पण त्यात एक मोठा प्रश्न तसाच राहून गेला. नुसत्या कल्पनेने मनुष्य बेशुद्ध पडत असेल आणि नुसत्या कल्पनेने त्याला आराम पडत असेल, तर ही कल्पनाशक्ती हीच अभ्यासाची वस्तू नव्हे काय? हा प्रश्न ज्यांनी पुढे नेला त्यांत जुझे कुश्तोदियु फारिया यांचे स्थान मोठे आहे.

फारिया यांचा जन्म 1756 साली बारदेशातील कांदोळी येथे झाला. आईवडिलांचे पटले नाही; दोघे विभक्त झाली, वडील पाद्री झाले आणि आईने जोगिणींच्या मठात प्रवेश केला. पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन वडिलांनी 1771 साली लिस्बन गाठले. पुढे रोममध्ये शिकून फारिया स्वतःही पाद्री झाले. गोव्यात त्यांच्याविषयी एक आख्यायिका घरोघर सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन करण्याचा प्रसंग आला तेव्हा समोरचे सरदार-दरकदार पाहून तरुण फारियांची वाचाच बसली. तेव्हा जवळ बसलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत म्हटले, ‘‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’’ त्या दोन शब्दांसरशी भीती पार पळाली आणि प्रवचन धडाक्यात झाले. ही कथा कितपत ऐतिहासिक आहे हे बाजूला ठेवू. पण समोरची माणसे तीच, स्थळ तेच; पालटली ती केवळ त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी, आणि तेवढ्याने भय नाहीसे झाले. पुढील दोनशे वर्षांच्या मानसोपचाराचे सार या लोककथेत सापडते असे म्हटले तर ते फारसे वावगे होणार नाही.

1788 साली फारिया पॅरिसला गेले. राज्यक्रांतीची वादळे त्यांनी पाहिली, मार्सेय येथे तत्त्वज्ञान शिकविले, आणि 1813 मध्ये पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर त्यांनी आपली जाहीर व्याख्याने आणि प्रयोग सुरू केले. त्यांची पद्धत अगदी साधी होती. ते समोरच्या माणसाला आरामात बसवीत, डोळे मिटून झोपेचाच विचार करावयास सांगत आणि मग ठाम स्वरात आज्ञा देत : ‘‘झोपा!’’ हात फिरविणे नाही, लोहचुंबक नाही, द्रव नाही. अनेक माणसे त्या निद्रेत जात. परंतु त्याहून महत्त्वाचे होते ते त्यांचे स्पष्टीकरण. माझ्या अंगी कसलीही अलौकिक शक्ती नाही. ही निद्रा ज्याची त्याच्याच अंतरंगातून येते. मी केवळ त्याचे चित्त एकाग्र करावयास लावतो, असे ते सांगत. ज्या काळात उपचारकाची प्रतिष्ठा त्याच्या गूढ सामर्थ्यावर अवलंबून होती, त्या काळात एका उपचारकानेच असे म्हणावे, हे धाडस लहान नव्हे.

त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. एका नटाने झोपेचे सोंग करून भर सभेत त्यांची फजिती केली, रंगभूमीवर त्यांची टवाळी करणारे प्रहसन आले, धर्मगुरूंनीही त्यांना दूषणे दिली. 1819 मध्ये त्यांच्या नियोजित ग्रंथाचा पहिला भाग निघाला आणि त्याच वर्षी ते वारले. त्यांची समाधी कोठे आहे याचीही खूण राहिली नाही. पुढे अलेक्झांडर द्यूमाने आपल्या कादंबरीत त्यांचे नाव एका बंदिवान पाद्र्याला दिले. जगाला फारिया ठाऊक झाले ते बहुधा असे. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा जो पुतळा आहे, तो 1945 साली उभारला गेला. रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराची ती कृती.

फारियांच्या विचाराचे पुनरुज्जीवन फ्रान्समधील नान्सी या गावी झाले. तेथील लिएबो आणि बर्नहाइम या वैद्यांनी संमोहनाचे मर्म ‘सूचना’ हे होय असे मांडले, आणि बर्नहाइम यांनी फारियांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. 1889 साली व्हिएन्नाहून एक तरुण डॉक्टर त्यांचे काम पाहावयास नान्सीला आला. त्याचे नाव सिग्मंड फ्रॉइड.

फ्रॉइड यांचे ज्येष्ठ स्नेही ब्रॉयर यांनी 1880 ते 1882 या काळात बर्था पापेनहाइम नावाच्या तरुणीवर उपचार केले होते. अंग लुळे पडणे, वाचा जाणे अशी तिची लक्षणे होती. तिनेच या उपचाराला ‘बोलण्याचा उपचार’ असे नाव दिले आणि विनोदाने त्याला ‘धुराडे झाडणे’ असेही म्हटले. मनात कोंडलेले बोलून टाकले की लक्षण काही काळ हटे. तिची प्रकृती लगेच पूर्ण सुधारली असे मात्र नाही; तिला पुढे रुग्णालयांत राहावे लागले. परंतु हीच स्त्री नंतर जर्मनीतील ज्यू स्त्रियांच्या चळवळीची अग्रणी झाली. फ्रॉइड यांनी संमोहन सोडून दिले आणि रोग्याने मनात येईल ते न गाळता बोलावे, वैद्याने ते शांतपणे ऐकावे, अशी रीत घातली. हेच मनोविश्लेषण. मनुष्याच्या वागण्याची मुळे त्याच्याच नजरेआड असतात आणि ती उजेडात आली म्हणजे त्यांची पकड ढिली होते, ही त्यामागील भूमिका. आपल्याकडे गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 साली कलकत्त्यास मनोविश्लेषणाची संस्था स्थापन केली.

या पद्धतीस वर्षानुवर्षे लागत. शिवाय भूतकाळ समजला म्हणजे वर्तमान सुधारतोच असे नाही. म्हणून काही शास्त्रज्ञ वेगळ्या वाटेने गेले. 1924 साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालविली. मुलगा आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातील ससा लांब ठेवावयाचा आणि रोज थोडा थोडा जवळ आणावयाचा. शेवटी मुलगा सशाला गोंजारू लागला. 1958 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पे यांनी हेच तत्त्व प्रौढांसाठी व्यवस्थित ग्रंथरूपाने मांडले : शरीर सैल सोडण्यास शिकावे आणि लहान भयापासून मोठ्या भयापर्यंत पायरीपायरीने चढत जावे. हा वर्तनोपचार. पूल ओलांडण्याची, गर्दीची किंवा बंद खोलीची भीती बाळगणाऱ्यांना याच मार्गाने मोठे साह्य मिळाले.

कार्ल रॉजर्स यांनी 1942 च्या सुमारास तिसरा विचार पुढे आणला. समोरचा मनुष्य ‘रोगी’ नसून साह्य मागावयास आलेली व्यक्ती आहे. त्याला उपदेश करू नका, त्याला जोखू नका, त्याचे म्हणणे त्याच्या जागी उभे राहून समजून घ्या, मग वाट त्याची तो शोधतो. आज ‘समुपदेशन’ हा शब्द आपण जेथे जेथे ऐकतो तेथे या विचाराची सावली असते.

चौथी शाखा विचारांच्या परीक्षणाची. 1955 पासून अल्बर्ट एलिस आणि साठच्या दशकापासून एरन बेक यांनी ती अमेरिकेत वाढविली. घटना आपल्याला दुःखी करते असे आपण मानतो. पण घटना आणि दुःख यांच्या मध्ये आपला त्या घटनेविषयीचा विचार उभा असतो. परीक्षेत नापास होणे ही घटना. ‘म्हणून मी कवडीमोलाचा’ हा विचार. तो विचार पुराव्याच्या कसोटीवर घासून पाहावयास शिकविणे हे या उपचाराचे काम. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याचे ऋण एलिस मान्य करीत. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार केला आणि ही विवेकनिष्ठ पद्धती मराठी वाचकांच्या ओळखीची केली.

इतके पंथ झाल्यावर, यातून खरोखर गुण येतो काय, हा प्रश्न उपस्थित होणे साहजिकच होते. 1952 साली हान्स आयझेंक यांनी तो इंग्लंडमध्ये कठोर शब्दांत विचारला. 1977 साली अमेरिकेत स्मिथ आणि ग्लास यांनी 375 अभ्यासांची एकत्र छाननी करून दाखविले की, उपचार घेतलेला सरासरी मनुष्य उपचार न घेतलेल्यांपैकी शेकडा 75 जणांहून अधिक चांगल्या स्थितीत असतो. पंथापंथांतील फरक मात्र त्यांना फारसे मोठे दिसले नाहीत. विशिष्ट भयासाठी वर्तनोपचार अधिक उपयोगी, अशी काही निवड करता येते. परंतु विश्वासाचे नाते, दुखण्याचा समजेल असा उलगडा आणि रुग्णाचा स्वतःचा प्रयत्न, हे तीन धागे बहुतेक सर्व पद्धतींत सामायिक आहेत.

आणि येथेच आपण पुन्हा गोव्यात येतो. ‘संगाथ’ ही संस्था तेथे 1996 साली स्थापन झाली. मानसोपचारतज्ज्ञ थोडे आणि दुखणाईत पुष्कळ, ही आपल्या देशाची जुनी अडचण. तिच्यावर या संस्थेने एक उपाय करून पाहिला. त्याच भागातील, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर त्यांनी सहा ते आठ बैठकी घेतल्या. त्यांत गूढ असे काही नव्हते : दिवसाची आखणी करणे, सुटलेली आवडीची कामे हळूहळू पुन्हा हाती घेणे, अडचणीचे तुकडे करून एकेक सोडविणे. या चाचणीचे निष्कर्ष 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर, समुपदेशन लाभलेल्यांपैकी शेकडा 64 जणांचा आजार ओसरला होता. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा 39 होते. माणसे तीच, तीच भाषा, तोच गाव. भर पडली होती ती शिस्तबद्ध संभाषणाची.

येथे दोन गैरसमज टाळले पाहिजेत. पहिला असा की, शब्द हे सर्व व्याधींवरचे औषध आहे. तसे नाही. काही मानसिक आजारांत गोळ्या-औषधे अपरिहार्य असतात, कित्येकदा दोन्ही लागतात, आणि कोणाला काय हवे हे तज्ज्ञानेच ठरवावयाचे असते. दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. बरे होण्याची शक्ती रुग्णात असते असे म्हटल्याबरोबर काही जण त्याचा अर्थ, आजारही त्यानेच ओढवून घेतला, असा करतात. मोडलेले हाड शेवटी आपल्याच देहाच्या शक्तीने सांधते. म्हणून ते आपणच मोडले असे कोणी म्हणत नाही, किंवा अस्थिवैद्याची गरज नाही असेही म्हणत नाही. मनाचेही तसेच आहे. ‘हे सारे मनाचे खेळ’ या वाक्याने आपण दुःखी माणसाला गप्प करतो. पण मनाचे असले म्हणून दुखणे खोटे ठरत नाही.

ज्याच्या शब्दापुढे आपण स्वतःचा विचार करणे सोडून देतो तो आपल्याला फार तर झोपवू शकतो. ज्याच्या शब्दाने आपल्याला स्वतःचे सामर्थ्य पुन्हा सापडते तोच खरा उपचारक. माझ्याजवळ कसलीही शक्ती नाही, ती तुमच्याजवळ आहे, असे सांगणाऱ्या फारियांना त्यांच्या काळाने हसून वाटेला लावले. आपल्या घरातील एखादे माणूस अबोल झाले असेल, तर त्याला हसून किंवा दटावून वाटेला न लावता त्याच्याजवळ बसणे, त्याचे ऐकणे आणि योग्य माणसापर्यंत त्याला हात धरून नेणे, एवढे आपण निश्चित करू शकतो.