शेरा आणि श्रेणी

मुलाच्या निबंधाखालीं गुरुजींनीं तांबड्या शाईनें दोन ओळींचा शेरा लिहिला आणि शेजारीं आंकडा मांडला, तर घरीं प्रथम काय वाचलें जातें? संग्रामपुरास काय किंवा पुण्यास काय, आंकडाच! शेरा बहुधा तसाच राहतो. हा दोष एकट्या पालकांचा नव्हे. त्याला इतिहास आहे.

इ. स. १८६२ त रॉबर्ट लो यानें इंग्लंडांत असा नियम केला कीं, वाचन, लेखन व गणित यांपैकीं ज्या ज्या विषयांत मूल नापास होईल, त्या प्रत्येकाबद्दल शाळेच्या अनुदानांतून २ शिलिंग ८ पेन्स कापावे. हीच रीत पुढें मुंबई इलाख्यांत आली. मूल कोठें चुकलें यापेक्षां तें पास कीं नापास, यालाच पैशाचें मोल आलें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढील निवेदनांत जोतीराव फुले यांनीं ही पद्धत गरीब व अशिक्षित समाजास मुळींच योग्य नाहीं, असें स्पष्ट सांगितलें. शिक्षणाची गोडीच ज्यांस अजून लागली नाहीं, त्यांच्या निकालावर शाळेचें पोट चालवावयाचें, हें आम्हांसही पटत नाहीं.

संग्रामपूर वऱ्हाडांतलें, म्हणजे त्या इलाख्याबाहेरचें. परंतु २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयानें तेथें व साऱ्या महाराष्ट्रांत पहिली ते आठवीस आकारिक आणि संकलित मूल्यमापन आलें, आणि त्याबरोबर ‘वर्णनात्मक नोंदी’. मुलाला काय साधलें व तें कोठें अडखळलें, हें शब्दांत सांगावयाचें, कल्पना उत्तम! पण त्याच नोंदींच्या शेजारीं अ-१, ब-२ अशा श्रेण्या बसल्या, आणि नोंदींच्या तयार याद्या बाजारांत मिळूं लागल्या. मग ‘हस्ताक्षर सुंदर आहे’ हें वाक्य ओळीनें कितीतरी नांवांपुढें दिसावें, यांत नवल कसलें? शिक्षकांस हंसणें सोपें आहे. लहान गांवीं एकाच गुरुजींकडे दोन दोन इयत्ता असतात, हें हंसणाऱ्यानें पाहिलेलें नसतें.

रूथ बटलर यांनीं १९८८ त प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इस्रायलमधील कांहीं मुलांना नुसता शेरा, कांहींना नुसते गुण व कांहींना दोन्ही दिले होते. नुसता शेरा मिळालेल्यांची गोडी टिकली, कामही सुधारलें. दोन्ही मिळालेलीं मुलें मात्र नुसते गुण मिळालेल्यांच्याच पंक्तीस जाऊन बसलीं.

आमच्या परिचयाचे एक गुरुजी प्रथम केवळ शेरा लिहून वही परत करीत. निबंध पुन्हा लिहून आणल्यावरच आंकडा घालीत. मुलें कुरकुरत, पण लिहून आणीत. तक्रार घेऊन येत ते पालक: “गुरुजी, शेरा ठीक आहे, पण मार्क किती?”